भाड्याचा पॉवर टिलर आणि दुहेरी नोंद

वसईच्या बागाइतीत पॉवर टिलर भाड्याने चालविणाऱ्याने पेटीतील रोकड हाच नफा समजू नये. प्रत्येक व्यवहाराला दोन बाजू असतात. त्या दोन्ही कीर्दीत लिहाव्यात. समजा, केळीच्या वाडीची ६०० रुपयांची मशागत उधारीवर केली. त्याच दिवशी बागाइतदाराच्या खाती ६०० नावे व भाडे-उत्पन्न खाती ६०० जमा लिहावेत. पुढे त्याने ४०० दिले, की रोकड खाती नावे व त्याच्या खाती जमा करावेत; २०० येणे आहे, हे खतावणीत दिसेल. कर्ज मिळाल्यास रोकड नावे, कर्ज जमा. ते उत्पन्न नव्हे. महिनाअखेर तेरीज काढावी. नावे व जमा यांच्या बेरजा न जुळल्यास चूक शोधावी. मात्र मुळातच न लिहिलेली उधारी तेरजेतही सापडत नाही. म्हणून नोंद रोजच्या रोज करावी.