उन्हाच्या गावातला हीटर

एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीपार नेणाऱ्या सोलापुरात मोटारीच्या हीटरला कोण विचारतो? जुन्या परदेशी बनावटीच्या गाडीतून सर्वांत आधी काढला गेलेला भाग बहुधा हाच. इंजिनाकडून येणाऱ्या दोन नळ्या परस्पर जोडायच्या आणि हीटरची पेटी तांब्या-पितळेच्या भावाने भंगारात द्यायची. गाडी चालत राहते. तिला मूळ रूपात आणायची वेळ आली, की नेमका तोच भाग मिळत नाही.

या गावाचं आणि त्या गाड्यांचं नातं जुनं आहे. प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन करणारे वालचंद हिराचंद १८८२ साली सोलापुरातच जन्मले. कंपनी १९४४ची, १९४७पासून तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यात क्रायस्लरच्या गाड्यांची जुळणी सुरू झाली, फियाट त्यानंतर आली. त्या काळी हीटर ही बऱ्याच गाड्यांत जादा पैसे मोजून घ्यायची वस्तू होती. त्यामुळे एकाच मॉडेलच्या दोन गाड्यांपैकी एकीत तो असे, दुसरीत नसे. बॉनेटमागच्या पत्र्यात नळ्यांसाठी भोकं आहेत का, हे आधी पाहावं.

भंगारातली पेटी कुठल्या गाडीची, हे आट्यांवरून बरंच कळतं. आटे मेट्रिक असतील तर फियाटकडे बोट जातं. इंची असतील तर अमेरिकन की जुनं ब्रिटिश, हे आटा मोजायच्या गेजवर ठरतं. ब्रिटिश पेटीवर स्मिथ्सचं नाव सापडू शकतं, क्रायस्लरच्या भागावर मोपारचं. मग पेटीतल्या पंख्याची मोटर. क्रायस्लरच्या गाड्या १९५५पर्यंत सहा व्होल्टच्या होत्या आणि त्यांचं धन टोक बॉडीला जोडलेलं असे. ती मोटर बारा व्होल्टवर लावून पाहणं म्हणजे ती जाळणं. फिरत नाही म्हणून टाकूनही देऊ नये. पुष्कळदा बुशमधलं जुनं ग्रीस दगडासारखं झालेलं असतं, नाहीतर कार्बन झिजलेले असतात.

हीटरचा खरा जीव गरम पाणी खेळवणाऱ्या गाभ्यात असतो: पितळी नळ्या, तांब्याच्या पातळ पट्ट्या आणि शिशा-कथलाचा डाग. हा डाग साधारण १८३ अंशांपासूनच मऊ पडू लागतो. एक गळती बुजवायला मोठी ज्योत धरली, की शेजारचे सांधे सुटतात. तपासताना गाभा पाण्यात बुडवून हवा द्यावी, पण त्या गाडीच्या रेडिएटरच्या झाकणावर लिहिलेल्या दाबापर्यंतच. कॉम्प्रेसरचा पूर्ण दाब सोडून फाडलेला गाभा पाहिला, की मला संताप येतो. तसा गाभा पुन्हा बनवून देणारं आता सहजी कुणी भेटत नाही. पेटीतला जुना नमदा किंवा गॅस्केट हवेच्या झोताने झाडू नये. त्यात अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं.

सोलापुरातल्या अक्कलकोट रोड एमआयडीसीची ओळख टॉवेल आणि चादरींची. पण याच वसाहतीत १९९२ साली स्थापन झालेली प्रिसिजन कॅमशाफ्ट्स ही कंपनी मोटारींच्या इंजिनांसाठी कॅमशाफ्ट ओतते. ओतकाम, ग्राइंडिंग, लेथ यांतली जाण या गावात मुरलेली आहे. हीटरचा नळ तुटला असेल, तर पितळी सळईतून त्याचं तोंड पाडणं चांगल्या टर्नरला अवघड नाही. जस्ताच्या मिश्रधातूचा नळ मात्र वेगळा. त्याला आतून भेगा गेल्या असतील, तर वेल्डिंगच्या नादी न लागता पितळेत नवा करावा.

म्हणून मेलेला हीटरही वितळायला देऊ नये. गाभा संपला तरी त्याच्या दोन्ही बाजूंच्या टाक्या, पकडपट्ट्या आणि नळ्यांची तोंडं नव्या गाभ्याला लावता येतात. तेही जमलं नाही, तर निदान त्यावरून मापं घेता येतात.