इस्राएलमधील बेने इस्राएल कुटुंब आणि मराठी

१९४८ नंतर मुंबई व कोकणातून इस्राएलला गेलेल्या बेने इस्राएल कुटुंबांच्या दैनंदिन जीवनात भाषांची विभागणी दिसते. शाळा, सैन्य व कचेरी यांचा व्यवहार हिब्रूत. पहिल्या पिढीचे स्वयंपाकघरातील बोलणे मराठीत. एलियाहू संदेष्ट्याच्या स्मरणार्थ होणाऱ्या मलिद्याच्या विधीत प्रार्थना हिब्रू असते. ताटातील गूळ-खोबरे घातलेले पोहे मात्र कोकणचे. १८८०च्या सुमारास हरिदासी कीर्तनाच्या धर्तीवर, बायबलातील आख्याने घेऊन सुरू झालेली मराठी कीर्तनपरंपराही या समाजाने सोबत नेली. नातवंडांना तिचा अर्थ हिब्रूत सांगावा लागतो. विधी टिकतो, भाषा ओसरते. म्हणून वृद्ध स्त्रियांच्या मुखी उरलेल्या या पदांचे संकलन मराठी वाङ्मयेतिहासाचे तातडीचे कार्य ठरते.