चांदणीवाली पिटुनिया आणि ‘जीएम’चा शिक्का

थंडी पडली की नर्सऱ्यांत पिटुनियाची रोपं मांडली जातात आणि एक शेरा हमखास कानावर येतो: “ती चांदणीवाली नको हो, जीएम असते.” जांभळ्या किंवा लाल फुलावर पाच पांढरे पट्टे दिसले की लोकांना प्रयोगशाळा आठवते. कुणी इंजेक्शन म्हणतं, कुणी केमिकल. शेजारचं साधं एकरंगी रोप मात्र ‘नैसर्गिक’ म्हणून निःशंकपणे घरी नेलं जातं. हे इतक्यांदा ऐकलंय की आता चिडायला होतं, कारण वस्तुस्थिती जवळपास उलटी आहे.

जीएम करणं, म्हणजे वनस्पतीत बाहेरचं जनुक घालणं, जमू लागलं ते १९८३च्या सुमारास. चांदणीच्या पिटुनिया त्याच्या कितीतरी आधीपासून बागांत आहेत. बागेतली पिटुनिया हाच मुळात दक्षिण अमेरिकेतल्या दोन रानजातींचा संकर. एक पांढरी, रात्री सुगंध सोडून पतंगांना बोलावणारी. दुसरी जांभळी, मधमाश्यांची. त्यांचा मेळ एकोणिसाव्या शतकात युरोपातल्या बागाइतदारांनी घातला.

मग पांढरे पट्टे येतात कुठून? पिटुनियाचा जांभळा-लाल रंग अँथोसायनिन या द्रव्याचा. ते बनवण्याच्या साखळीत सुरुवातीलाच चाल्कोन सिंथेज नावाचं विकर लागतं. पांढऱ्या पट्ट्यात या विकराचं जनुक शाबूत असतं, त्याचा आरएनए संदेशही निघतो. पण पेशी तो संदेश वाटेतच कापून टाकते. विकर नाही, म्हणून रंग नाही. २०१२ साली जपानी संशोधकांनी ‘प्लांट जर्नल’मध्ये दाखवलं की अशा वाणांत या जनुकाच्या दोन प्रती एकापुढे एक लागलेल्या असतात आणि संदेश कापणारे आरएनएचे बारीक तुकडे पांढऱ्या भागात तयार होतात. तरीही शंका असेल तर आणखी एक पुरावा: अशा झाडाला काही विषाणूंची लागण झाली की पांढऱ्या भागात रंग परततो. ही कापाकापी म्हणजे वनस्पतीचं विषाणूंविरुद्धचं हत्यार, आणि विषाणू स्वतःच्या बचावासाठी तेच बोथट करतो.

ही यंत्रणा, म्हणजे आरएनए इंटरफिअरन्स, विज्ञानाच्या नजरेत भरली तीही पिटुनियामुळेच. १९९० साली रिचर्ड जॉर्गेनसन आणि सहकाऱ्यांनी कॅलिफोर्नियात पिटुनियाला चाल्कोन सिंथेजच्या जनुकाची जादा प्रत दिली. अपेक्षा अशी की विकर वाढेल. जादा प्रत मिळालेल्या झाडांपैकी ४२ टक्क्यांना पांढरी किंवा पांढऱ्या नक्षीची फुलं आली! बाहेरून दिलेलं जनुक तर गप्प झालंच, झाडाचं स्वतःचंही झालं. संदेशाचं प्रमाण ५० पटींनी घसरलं. त्याच सुमारास एका डच गटालाही हेच दिसलं. कारण कुणालाच कळेना. ते कळलं १९९८ साली, अँड्र्यू फायर आणि क्रेग मेलो यांना, एका सूक्ष्म कृमीत. दुहेरी धाग्याचा आरएनए हे त्याचं उत्तर. २००६चं नोबेल त्यांना मिळालं, ते रास्तच होतं. पण ‘आरएनए इंटरफिअरन्सची गोष्ट कृमीपासून सुरू होते’ असं सांगणाऱ्यांनी आधीची आठ वर्षं गाळू नयेत. याच तत्त्वावरचं पहिलं औषध, पॅटिसिरान, २०१८ साली अमेरिकेत मंजूर झालं.

आता खऱ्या जीएम पिटुनियाची कथा ऐका. पिटुनियाच्या विकरांना नारिंगी रंगद्रव्य नीट बनवता येत नाही. जर्मनीतल्या कोलोनमध्ये संशोधकांनी तिच्यात मक्याचं एक जनुक घातलं आणि विटकरी फूल आलं. त्यावरचा शोधनिबंध १९८७च्या ‘नेचर’मध्ये आहे. पुढे २०१५ साली हेलसिंकीच्या रेल्वे स्थानकाबाहेरच्या कुंडीत तेमू तेरी या संशोधकाला नारिंगी पिटुनिया दिसल्या. हा रंग इथे आला कसा, म्हणून त्यांनी तपासणी केली, तर आत तेच मक्याचं जनुक. २०१७ साली फिनलंडने आणि मागोमाग अमेरिकेने अशा वाणांची विक्री थांबवली, रोपं नष्ट करायला लावली. २०२१ साली अमेरिकेच्या कृषी खात्याने या जनुकाच्या पिटुनियांवरचं नियंत्रण उठवलं. बंदीआधी कित्येक ग्राहकांनी ती फुलं कसलीही शंका न घेता कुंड्यांत लावली होती. साधी, एकरंगी, चांदणीबिंदणी काही नाही.

तेव्हा नुसत्या डोळ्यांनी जीएम ओळखण्याचा हा खेळ थांबवा. त्याला डीएनए चाचणी लागते.

उरलेले समज थोडक्यात. घरी धरलेल्या बियांतून तसंच फूल आलं नाही, म्हणजे ‘टर्मिनेटर’ बी? नाही, पहिल्या पिढीच्या संकराची संतती वेगवेगळी निघते, हा मेंडेलचा नियम आहे. पुढची पिढी उगवूच न देणारं टर्मिनेटर बी बाजारात कधी आलंच नाही.

फुलावर रंगाचे शिंतोडे म्हणजे रोग? कधी विषाणू असतो, खरं. पण कित्येकदा ते उड्या मारणाऱ्या जनुकाचं काम असतं. पिटुनियातलं असं एक, डीटीपीएच-१, जेमतेम २८४ अक्षरांचं आहे, आणि त्याच्याच मदतीने संशोधक एकेक जनुक बिघडवून त्याचं काम शोधतात.

शोभेच्या झाडाच्या संशोधनावर पैसा कशाला? पिटुनिया टोमॅटो, वांगं, मिरची, बटाटा यांच्या कुळातली आहे. शिवाय संशोधकांच्या लाडक्या अरॅबिडॉप्सिस या रोपट्याचं फूल इवलंसं आणि पांढरं. रंग, रात्रीचा सुगंध आणि परागवाहक यांचं नातं अभ्यासायला ते फारसं कामाचं नाही.

सुगंध फुलातून आपोआप उडतो? पिटुनियात त्याला पेशीबाहेर ढकलणारं खास प्रथिन लागतं, हे २०१७ साली ‘सायन्स’मध्ये आलं आहे.

चांदणीवालं रोप आवडलं तर खुशाल घ्या. फक्त हवामान आणि उजेड बदलला की पट्टे कमीजास्त होतात. त्यासाठी नर्सरीवाल्याशी भांडायला जाऊ नका.