खासदार टिकत नाही, आमदार हलत नाही : हिंगोलीचं राजकारण

हिंगोलीतून लागोपाठ दोनदा खासदार होणं १९९१ पासून कोणालाच जमलेलं नाही. विलास गुंडेवार, शिवाजी माने, सूर्यकांता पाटील, पुन्हा माने, पुन्हा सूर्यकांताबाई, मग सुभाष वानखेडे, राजीव सातव, हेमंत पाटील आणि आता नागेश पाटील आष्टीकर. उत्तमराव राठोड १९८०, १९८४ आणि १९८९ अशा तीन निवडणुका ओळीनं जिंकले होते. त्यांच्यानंतर त्या खुर्चीवर कोणी पाच वर्षांपुढं टेकलं नाही.

सगळा दोष मतदारांवर ढकलता येणार नाही. २०१४ च्या मोदी लाटेत अवघ्या १,६३२ मतांनी निवडून आलेले सातव २०१९ ला उभेच राहिले नाहीत. त्या लाटेत काँग्रेसचे महाराष्ट्रातून दोनच खासदार आले होते, नांदेडचे अशोक चव्हाण आणि हे सातव. २०२४ मध्ये हेमंत पाटलांची जाहीर झालेली उमेदवारी भाजपच्या दबावामुळं मागं घेतली गेली आणि तिकीट बाबुराव कदम कोहळीकरांना मिळालं.

आता विधानसभेकडं बघा. हिंगोलीत भाजपचे तानाजी मुटकुळे २०१४, २०१९ आणि २०२४ असे सलग तीनदा निवडून आले. त्यांच्याआधी काँग्रेसचे भाऊराव पाटील गोरेगावकर तीन वेळा आमदार होते. वसमतला शिवसेनेच्या जयप्रकाश मुंदडांनी १९९० पासून कितीतरी वर्षं किल्ला राखला. मतदार तेच, गावं तीच, कुठंकुठं मतदान केंद्राची खोलीसुद्धा तीच. आमदाराला जपणारा माणूस खासदाराला एवढ्या सहज कसा विसरतो?

मला वाटतं, याचं उत्तर नकाशात आहे. हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा निघाला. तालुके पाच आणि लोकसंख्या २०११ च्या जनगणनेनुसार पावणेबारा लाखांच्या आसपास, म्हणजे मराठवाड्यात सर्वांत कमी. एवढ्याशा जिल्ह्याच्या नावानं जो लोकसभा मतदारसंघ आहे, त्यातल्या सहा विधानसभांपैकी जिल्ह्यात तीनच येतात. हदगाव आणि किनवट नांदेडचे, उमरखेड यवतमाळचं. २०२४ ला आष्टीकर आणि कोहळीकर हे दोन्ही प्रमुख उमेदवार हदगाव भागातले होते. सेनगावच्या मतदारानं ‘आपला माणूस’ म्हणून बोट कोणाकडं दाखवायचं? आमदाराचं तसं नसतं. तो लग्नात दिसतो, मयतीला येतो, तहसीलमध्ये अडलेल्या कागदासाठी फोन लावतो. त्याच्याशी भांडता येतं. खासदाराला मत म्हणजे दिल्लीवरचा किंवा मुंबईवरचा राग, आणि राग दर पाच वर्षांनी नवा असतो.

जून २०२४ च्या निकालात ठाकरे गटाचे आष्टीकर लाखाहून अधिक मतांनी आले. नोव्हेंबरमध्ये याच मतदारसंघातल्या सहाच्या सहा विधानसभा महायुतीनं घेतल्या. लोकसभेला पडलेले कोहळीकर हदगावचे आमदार झाले. वसमतला राष्ट्रवादीचीच दोन घरं समोरासमोर होती. पूर्णा साखर कारखान्याच्या राजकारणात मुरलेले जयप्रकाश दांडेगावकर शरद पवारांकडून आणि एकेकाळी त्यांच्याच तालमीत वाढलेले राजू नवघरे अजित पवारांकडून. जिंकले नवघरे.

कळमनुरीच्या संतोष बांगरांबद्दल थोडं थांबून बोलायला हवं, कारण त्यांच्यावर हसणं सोपं आहे. शिवसेनेच्या २०२२ च्या फुटीत हा आमदार हिंगोलीत भर लोकांसमोर उद्धव ठाकरेंसाठी ढसाढसा रडला होता. विधानसभा अध्यक्षाच्या निवडीत त्यानं ठाकरेंच्या बाजूनं मत दिलं आणि दुसऱ्याच दिवशी, ४ जुलैला, विश्वासदर्शक ठरावाच्या वेळी तो शिंदेंच्या बाकावर होता. पुण्या-मुंबईच्या लेखी त्याच दिवशी त्याचं राजकारण संपलं. कळमनुरीनं २०२४ ला त्याला परत निवडून दिलं. श्रावणात कळमनुरीहून हिंगोलीला निघणारी बांगरांची कावड यात्रा ज्यानं पाहिली आहे, त्याला याचं नवल वाटणार नाही. भगवे गमछे, डीजे, खांद्यावर पाणी घेतलेली पोरं. मुख्यमंत्री असताना एकनाथ शिंदेही या यात्रेला आले होते. भक्ती किती आणि शक्तिप्रदर्शन किती, हे मोजायच्या भानगडीत तिथं कोणी पडत नाही.

कारण इथं देवाची आणि सभेची जागा एकच असते. निजामाच्या काळात हिंगोली ही छावणी होती. पलटण, रिसाला, तोफखाना, पेन्शनपुरा ही गल्ल्यांची नावं तेव्हाची. शहराचा सार्वजनिक दसरा दीडशे वर्षांहून जुना सांगतात, खाकीबाबांच्या मठाशी त्याचं नातं जोडलं जातं. म्हैसूरनंतर आपलाच, असं हिंगोलीकर छाती फुगवून सांगतात (म्हैसूरवाल्यांना हे कोणी कळवलंय की नाही, देव जाणे). रामलीला मैदानावर पाळणे लागतात, प्रदर्शन भरतं, खेड्यापाड्यांतून लेकरंबाळं घेऊन माणसं येतात आणि रावण जळतो. याच मैदानावर ऑगस्ट २०२३ मध्ये उद्धव ठाकरेंची सभा झाली आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये छगन भुजबळांची ओबीसी सभा. मधल्या काळात, ऑक्टोबरच्या अखेरीस, खासदार हेमंत पाटलांनी मराठा आरक्षणासाठी राजीनामा लिहिला. जुलै २०२४ मध्ये मनोज जरांगे पाटलांनी आपल्या शांतता रॅलींची सुरुवात हिंगोलीतूनच केली. मराठा, हटकर, बंजारा, आंध आदिवासी, बौद्ध आणि मुसलमान अशी मिसळ असलेल्या जिल्ह्यात हे आरक्षणाचं वारं सुखानं वाहत नाही. मराठा आरक्षणासाठी हैदराबाद गॅझेटचा शासन निर्णय २ सप्टेंबर २०२५ ला निघाला आणि त्याच गॅझेटचा आधार घेऊन मराठवाड्यातले बंजाराही रस्त्यावर आले.

या जिल्ह्याकडं भांडणापलीकडचंही बरंच काही आहे. कयाधूकाठचं नर्सी हे नामदेवांचं जन्मगाव मानलं जातं. आषाढी झाली की वद्य एकादशीला इथं परतवारी भरते आणि पंढरीला जाऊन आलेले वारकरी नर्सीला येऊन वारी पुरी करतात. नामदेवांची ६१ पदं गुरु ग्रंथसाहिबात आहेत, म्हणून पंजाबातले शीख भाविकही या वाटेनं येतात. औंढ्याला त्याच नामदेवांना गुरू विसोबा खेचर भेटले आणि नामदेवांच्या कीर्तनासाठी नागनाथाचं देऊळ फिरलं, ही कथा तिथला प्रत्येक पुजारी दिशा दाखवून सांगतो. औंढ्याजवळच दुधाळ्याच्या शिवारात गुरुत्वीय लहरी टिपणारी लायगो वेधशाळा होते आहे. चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा, २०२३ मध्ये केंद्राची २,६०० कोटींची मंजुरी. निवडणुकीच्या भाषणात मात्र तिचा उल्लेख ‘मोठा प्रकल्प’ एवढाच असतो.

भाषणात हळद जास्त चालते आणि ते रास्तही आहे. वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. तिथंच बाळासाहेब ठाकरेंच्या नावानं हळद संशोधन केंद्र उभं राहतंय. पण जूनमध्ये बेणं लावल्यापासून माल बाजारात जाईपर्यंत वर्ष सरतं. जानेवारी-फेब्रुवारीत खांदणी, मग कुकरवर शिजवणं, पंधरवडाभर उन्हात वाळवणं आणि ढोलात पॉलिश. बिटाच्या दिवशी व्यापारी ढिगातलं एक हळकुंड उचलतो, कडकन मोडतो, आतला रंग बघतो आणि बोली सुरू होते. वर्षाचा हिशेब त्या दोन मिनिटांत लागतो. शेतकरी बाजूला उभा राहून व्यापाऱ्याच्या तोंडाकडं बघत असतो.

ज्यांच्याकडं हळदीला पाणी नाही, त्यांचं सोयाबीन आणि कापूस. सेनगाव तालुक्यात ताकतोड्याच्या लोकांनी २०१९ मध्ये ‘गाव विकणे आहे’ असं जाहीर केलं. गोरेगावच्या शेतकऱ्यांनी २०२३ मध्ये कर्ज फेडायला स्वतःचे अवयव विकायला काढले. दोन्ही वेळा टीव्हीवाले आले. या आंदोलनांना नाटकी म्हणणारे मला भेटले आहेत. पण पीकविम्याच्या अर्जाला उत्तरच येत नसेल तर माणूस आवाज चढवणारच.

हा आवाज ऐकायला सर्वांत जवळची जागा म्हणजे जिल्हा परिषद. तिथं २०२२ मध्ये प्रशासक आला. गटाचा सदस्य उरला नाही, पंचायत समितीचा सभापती उरला नाही, त्यामुळं हातपंपाची तक्रारही आमदाराच्या बंगल्यावर जाऊ लागली आणि आमदार आणखी मोठा झाला. सर्वोच्च न्यायालयानं मे २०२५ मध्ये निवडणुका घ्यायला सांगितल्यावर कुठं हालचाल दिसू लागली. २०२५ च्या दसऱ्याच्या शुभेच्छांचे जे फलक चौकाचौकांत लागले होते ते दिवाळीलाही उतरले नव्हते, त्यावर फक्त दिवाळीची पट्टी चिकटवली होती. फलकावर फोटो नेत्याचा मोठा होता, इच्छुकाचा खाली कोपऱ्यात होता आणि पक्षाचं चिन्ह बऱ्याच जणांनी तोवर टाकलेलं नव्हतं.