पात्याचा थकवा: वर्षं मोजायची की फेऱ्या?

मागच्या व्याख्यानात आपण पवनचक्कीच्या पात्याची ताकद पाहिली, म्हणजे एकदाच जोर लावला तर ते कितीला मोडेल ते. आज प्रश्न वेगळा आहे. ज्या जोरानं पातं मोडणार नाही, तोच जोर पुन्हा पुन्हा लावला तर?

तार तोडायची असेल तर आपण ती ओढत बसत नाही. इकडून तिकडे वाकवतो, आठ-दहा वेळात तुटते. पात्याचंही तेच. आडवं असताना ते स्वतःच्या वजनानं एका कडेकडे वाकतं, अर्ध्या फेरीनंतर दुसऱ्या कडेकडे. वाऱ्याचे झोत सोडून दिले तरी दर फेरीला एक हेलकावा ठरलेला. मिनिटाला १५ फेऱ्या धरू. वर्षाला सुमारे ७९ लाख, २० वर्षांत १५ कोटींच्या वर. बंद असण्याचा काळ वजा करून १० कोटी धरायला हरकत नाही.

पोलादात बहुधा एखादी भेग पडते आणि वाढत जाते. काचतंतू आणि रेझिनच्या पात्यात असं सरळ काही घडत नाही. आधी रेझिनमध्ये बारीक भेगा पडतात, मग तंतूची रेझिनवरची पकड सुटते, थर एकमेकांपासून विलग होतात. भार शेजारच्या तंतूंवर जातो, आणि तंतू तुटायला लागतात ते शेवटी. तोवर बाहेरचा रंग मात्र शाबूत!

या थरांचं आयुष्य ताणाच्या साधारण दहाव्या घातानं घटतं. ताण १० टक्के वाढला की आयुष्य २.६ पटीनं कमी. कारखान्यात थर अंथरताना कापडाला सुरकुती पडली, तर तेवढ्या जागी हे सहज होतं.

आता चाचणीची गंमत बघा. पातं मुळाशी घट्ट आवळून त्याच्या स्वाभाविक लयीत हलवतात. सेकंदाला एक हेलकावा धरला तर १० कोटींना ३ वर्षं लागतील. एवढं कोण थांबणार? म्हणून जोर सुमारे १.६ पट करतात. दहाव्या घाताच्या हिशेबानं मग १० लाख हेलकावे पुरतात, १२ दिवसांचं काम.

पण घातांक सगळीकडे १० नसतो. पात्याचे दोन अर्धे चिकटवलेले असतात. समजा त्या चिकटपट्टीचा घातांक ५ आहे. मग त्याच चाचणीत तिची परीक्षा झाली ती फक्त १ कोटी हेलकाव्यांची, गरजेच्या दहावा भाग. पातं उत्तीर्ण, पण सांध्याबद्दल आपल्याला फारसं कळलेलं नाही.

सातारा जिल्ह्यात वनकुसवड्याच्या पठारावर २००० सालच्या आसपासच्या पवनचक्क्या आहेत. त्यांची २० वर्षं उलटली. पुढे चालवायच्या का? आमच्या मते इथे वर्षं ही चुकीची पट्टी आहे. लहान पात्याची जुनी यंत्रं मिनिटाला तिसाहून जास्त फेऱ्याही घेतात, म्हणजे तेवढ्याच वर्षांत हेलकावे दुप्पट. यंत्राच्या नोंदींतून फेऱ्या आणि वारा काढावा, मग पात्याजवळ जावं.

जवळ गेल्यावर पहिलं हत्यार अगदी साधं आहे: नाणं किंवा छोटी हातोडी. टकटक करत जायचं. थर सुटला असेल तिथे आवाज बद्द येतो. कडेच्या पातळ भागात हे चालतं. मुळाशी थर जाड असतात, तिथे कान उपयोगाचे नाहीत, अल्ट्रासाउंड लावावंच लागतं.