लसीकरणाची नोंद : होकाराची आणि नकाराचीही

आपल्याकडे ‘नर्सिंग होम’ म्हणजे लहान खासगी रुग्णालय. अमेरिकेत मात्र दीर्घकाळ शुश्रूषेची गरज असलेल्या, बहुतांशी वृद्ध व्यक्तींच्या निवासी संस्थेस ही संज्ञा आहे. ‘मेडिकेअर’ व ‘मेडिकेड’ या शासकीय योजनांत सहभागी असणाऱ्या अशा संस्थांसाठी २००५ मध्ये लसीकरणाचा नियम करण्यात आला.

त्यानुसार दरवर्षी १ ऑक्टोबर ते ३१ मार्च या काळात निवासी व्यक्तींना इन्फ्लुएंझाची लस देऊ करावी लागते. न्यूमोकोकल लसीबाबतही विचारणा करावी लागते. आधीच लस घेतलेल्यांना किंवा वैद्यकीय प्रतिबंध असलेल्यांना यातून वगळले जाते. विचारण्यापूर्वी लसीचे लाभ व संभाव्य दुष्परिणाम समजावून सांगणे आवश्यक असते. नकाराचा अधिकार त्या व्यक्तीला किंवा तिच्या प्रतिनिधीला असतो. माहिती दिली का, लस दिली का आणि न दिल्यास वैद्यकीय कारणाने की नकारामुळे, हे रुग्णनोंदीत लिहिले जाते.

एकाने समजून-उमजून नकार दिला. दुसऱ्याला कोणी विचारलेच नाही. लस दोघांनाही मिळालेली नाही. पहिल्याच्या इच्छेचा मान राखला गेला, दुसऱ्याची उपेक्षा झाली. रकाना कोरा राहिल्यास हा भेद पुसला जातो. स्मृतिभ्रंश झालेल्या व्यक्तीला तर तो स्वतः सांगताही येत नाही; तिच्या वतीने ती नोंदच बोलते.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न : नकाराची नोंद निवासी व्यक्तीच्या हक्काचे रक्षण कसे करते, ते स्पष्ट करा.