अँटेना ॲनालायझरचे आकडे चुकतात तेव्हा

दोष उपकरणात आहे की अँटेनात, हे आधी ठरवावे लागते. ॲनालायझरला ५० ओहमचा नॉन-इंडक्टिव्ह रोध थेट जोडल्यास एसडब्ल्यूआर १:१ दिसायला हवा. १०० किंवा २५ ओहमला तो २:१ येतो. इथेच फरक पडला, तर उतरलेली बॅटरी, सैल कनेक्टर किंवा स्थिर विजेने निकामी झालेला डिटेक्टर डायोड ही संभाव्य कारणे असतात. नॅनोव्हीएनएसारख्या उपकरणात निवडलेल्या वारंवारता-पट्ट्यासाठी ओपन, शॉर्ट आणि लोड हे कॅलिब्रेशन पुन्हा करावे लागते.

रोधावर आकडे बरोबर, पण अँटेनावर अस्थिर असतील, तर जवळपास मध्यमलहरी प्रक्षेपक आहे का ते पाहावे. साध्या ॲनालायझरचा डिटेक्टर सगळ्या वारंवारता एकत्रच मोजतो, त्यामुळे बाहेरचा संकेत आकडे बिघडवतो. उपकरणाला हात लावताच आकडा बदलत असेल, तर कोॲक्सच्या आवरणावरून बाहेरून प्रवाह वाहत असतो. अँटेनापाशी फेराइट चोक बसवून तो रोखतात.

लांब केबल दोन प्रकारे फसवते. तिच्यातील क्षयामुळे एसडब्ल्यूआर प्रत्यक्षापेक्षा कमी दिसतो, आणि तिची लांबी अर्ध्या तरंगलांबीच्या पटीत नसेल, तर इम्पिडन्सचे मूल्यही बदलते. ही तरंगलांबी केबलमधली धरायची. भरीव पॉलिथिलीनच्या कोॲक्समध्ये ती हवेतल्या तरंगलांबीच्या सुमारे ६६ टक्के भरते.